नळीचा मऊपणा गेला कुठे?

पाणी भरायला आणलेली प्लास्टिकची नळी नवी असताना किती मऊ असते! हवी तशी वळते. दोन-तीन उन्हाळे गेले की तीच नळी कडक होते, वाकवली की तडकते. रेक्झिनच्या गादीचेही तेच. नळी जुनी झाली, असे म्हणून आपण ती फेकून देतो. पण तिचा मऊपणा गेला कुठे, हा प्रश्न विचारीत नाही. कारणाशिवाय काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण. तेव्हा आपण कारण शोधलेच पाहिजे.

नळीचे पीव्हीसी प्लास्टिक मुळात कडक असते. ते मऊ व्हावे म्हणून कारखान्यात त्यात तेलकट रसायने मिसळतात. त्यांतील बरीचशी 'थॅलेट' या कुळातील आहेत. मऊ पीव्हीसीच्या वजनात ३० ते ४० टक्क्यांपर्यंत हीच रसायने असू शकतात. ती प्लास्टिकशी पक्की जोडलेली नसतात. ऊन लागले, गरम वा तेलकट पदार्थ लागला की हळूहळू बाहेर पडतात आणि हवेत, पाण्यात, मातीत जातात. नळीचा मऊपणा गेला तो असा!

प्राण्यांवरील प्रयोगांत काही थॅलेटमुळे नर पिलांच्या जननेंद्रियांची वाढ बिघडल्याचे दिसले आहे. म्हणूनच युरोपने २००५ साली लहान मुलांच्या खेळण्यांत त्यांवर कायद्याने बंधन घातले. खेळण्यांचे झाले, मग आपल्या ताटातल्या भाजीचे काय?

याबाबत चीनचा अनुभव बोलका आहे. तेथे १९८० नंतर शेतात प्लास्टिकचा कागद अंथरण्याची पद्धत झपाट्याने पसरली. पाणी वाचले, तण कमी झाले, पीक वाढले. हा फायदा खराच होता. पण कागद इतका पातळ की काढताना त्याच्या चिंध्या होत. त्या गोळा करण्याची मजुरी कोण देणार? चिंध्या नांगराखाली गेल्या. पुढे शास्त्रज्ञांना तेथील शेतजमिनीत आणि भाजीपाल्यातही थॅलेट सापडली. सगळा दोष कागदाचाच नव्हता. सांडपाणी आणि मैल्याच्या गाळाचे खतही त्याला कारण होते. मातीतली ही रसायने झाडाची मुळे थोड्या प्रमाणात शोषून घेतात. जे असे आत गेले ते भाजी धुऊन जात नाही. अखेर चीनने २०१७ साली नियम बदलला. कागदाची किमान जाडी ८ मायक्रॉनवरून १० मायक्रॉन केली. हेतू हा, की कागद अखंड उचलता यावा.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२१ साली सांगितले, की २०१९ या एका वर्षात जगभर शेतीत सुमारे १.२५ कोटी टन प्लास्टिक वापरले गेले. आपल्याकडेही कलिंगड, मिरची, टोमॅटोच्या वाफ्यांवर मल्चिंग पेपर दिसतो. तो अंथरायला आणि काढायला कोण असते? रोजंदारीवरच्या आपल्या आया-बहिणीच! हंगाम संपला की उरलेला कागद बांधावर पेटवला जातो. धूर त्यांच्याच छातीत जातो. आणि त्यांची मजुरी वाचवायची म्हणून कागद मातीत गाडला, तर वाचलेला पैसा शेतकऱ्याच्या वहीत जमा दिसतो. खर्च मात्र मातीच्या आणि आपल्या पोराबाळांच्या नावे पडतो.

भगिनींनो, घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. शरीर थॅलेट साठवून ठेवीत नाही. बहुतेक एक-दोन दिवसांत लघवीवाटे बाहेर टाकते. जिवंत, सेंद्रिय खताच्या मातीतले जिवाणूही त्यांचे विघटन करतात. अडचण एवढीच, की रोज नवी भर पडते. ती भर थांबवणे बरेचसे आपल्या हाती आहे.

गरम चहा, डाळ, रस्सा पिशवीत आणू नका. किटली किंवा डबा न्या. तेल, तूप, लोणचे काचेच्या, चिनी मातीच्या वा स्टीलच्या भांड्यात ठेवा. चूल पेटवायला प्लास्टिक वापरू नका. गावाकडच्या उकिरड्यात पिशव्या टाकू नका. शेणखताबरोबर त्या शेतातच जातात. भाजी धुऊनच घ्या, निदान वरची माती आणि धूळ तरी जाईल.

शेत स्वतःचे असो वा दुसऱ्याचे, मल्चिंग पेपर जाड असावा, पूर्ण उचलला जावा, जाळू नये आणि तो उचलण्याची मजुरी वेगळी मिळावी, ही मागणी ग्रामसभेत मांडा. बुद्धांनी सम्यक आजीविका सांगताना विषाचा व्यापार निषिद्ध ठरविला. नकळत का होईना, माती नासवून मिळविलेला नफा त्याच वाटेने जातो.

१९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी आपल्यासाठी खुले केले. पाण्यावर आपला हक्क आहे, तसा स्वच्छ मातीवर आणि निर्मळ अन्नावरही आहे. येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर महिला मंडळाने हा विषय जरूर घ्यावा. बरोबर एक जुनी, तडकलेली नळी न्या. समजावून सांगायला तेवढी पुरे.

जय भीम!