ई-टपालाची पाखडण

टपालाने पत्र पाठवायचे, तर प्रत्येक पत्रास तिकीट लावावे लागते. ई-मेलचे तसे नाही. एक संदेश पाठवण्यास जेवढा खर्च येतो, त्याहून फारसा अधिक खर्च न करता लाखो संदेश पाठवता येतात. लाखांतून दोघा-चौघांनी प्रतिसाद दिला, तरी पाठवणाऱ्याचे काम साधते. न मागता सरसकट पाठवल्या जाणाऱ्या ई-मेलचे, म्हणजेच ‘स्पॅम’चे, मूळ या अर्थकारणात आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील गॅरी थ्युर्क या विक्री अधिकाऱ्याने ‘आर्पानेट’ या संगणकजाळ्यावरील सुमारे ४०० जणांना आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात धाडली. हा स्पॅमचा पहिला नमुना मानला जातो. तेव्हा प्रश्न केवळ त्रासाचा होता. आज बनावट बक्षिसे, खोट्या नोकऱ्या आणि बँकेच्या नावाने येणारे फसवे संदेश यांमुळे तो कष्टाने मिळवलेल्या पैशाचाही झाला आहे.

असे टपाल वेगळे काढणे हे धान्य पाखडण्यासारखे आहे. त्यात दोन चुका संभवतात : फोलपट सुपात राहते किंवा दाणा फोलपटाबरोबर उडून जातो. प्रत्येक उपायाची पारख या दोन्ही कसोट्यांवर करावयास हवी.

पहिला उपाय काळ्या यादीचा. ज्या संगणकांवरून स्पॅम येते, त्यांचे पत्ते नोंदवून तेथून येणारे टपाल दारातूनच परतवले जाते. १९९८ मध्ये स्थापन झालेली ‘स्पॅमहाउस’ ही संस्था अशा याद्या ठेवते. हा उपाय जलद आहे. परंतु लबाड माणूस पत्ता बदलतो, आणि त्याच संगणकावरून टपाल पाठवणारे निरपराध लोकही अडवले जातात.

दुसरा उपाय मजकूर तपासण्याचा. आरंभी ‘मोफत’, ‘लॉटरी’ अशा ठरावीक शब्दांवरून संदेश अडवले जात. मात्र एखादे अक्षर बदलले की ही युक्ती फसे. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी एका लेखात संभाव्यतेच्या गणितावर आधारलेली पद्धत मांडली आणि ती लोकप्रिय झाली. वापरणाऱ्याने कोणते संदेश स्पॅम ठरवले, हे पाहून संगणक स्वतःच शिकत जातो. ‘कर्ज’ हा शब्द एखाद्यास संशयास्पद वाटेल, परंतु बँक कर्मचाऱ्याच्या टपालात तो रोजचाच असतो. हा भेद ही पद्धत ओळखू शकते. तथापि, तिला सतत नवे शिकवावे लागते.

तिसरा उपाय प्रेषकाची ओळख पटवण्याचा. आपल्या नावाने कोणते संगणक टपाल पाठवू शकतात, हे संस्था जाहीर करते आणि संदेशावर अंकीय स्वाक्षरी करते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या संख्येने ई-मेल पाठवणाऱ्यांना अशी ओळख बंधनकारक केली. त्यामुळे दुसऱ्याचे नाव लावून येणे अवघड झाले. परंतु ओळख पटली म्हणजे हेतू शुद्ध ठरला, असे नव्हे. बँकेच्या नावाशी मिळतेजुळते नाव नोंदवून ठकही रीतसर स्वाक्षरी करू शकतो.

चौथा उपाय कायद्याचा. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यानुसार जाहिराती पाठवता येतात. मात्र नको म्हणणाऱ्याचे ऐकावे लागते. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार व्यक्तीची संमती सामान्यतः आधी घ्यावी लागते. भारतात संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे. परंतु संदेश परदेशातून आला, की गुन्हेगारापर्यंत पोहोचणे कठीण होते.

यांपैकी कोणताही उपाय एकटा पुरेसा नाही. म्हणूनच ई-मेल सेवा ते एकत्र वापरतात आणि संशयित संदेश ‘स्पॅम’च्या कप्प्यात ठेवतात. जीमेलमध्ये असे संदेश ३० दिवसांनी आपोआप नष्ट होतात. चुकून राहिलेले फोलपट आपण हाताने काढू शकतो. पण मुलाखतीचे पत्र किंवा परीक्षेचे प्रवेशपत्र त्या कप्प्यात गेले, तर संधीच हुकते. यास्तव तो कप्पा आठवड्यातून एकदा तरी चाळावा. आपला पत्ता वाटेल तेथे देऊ नये, अनोळखी दुव्यावर जाऊ नये आणि स्पॅम दिसताच तशी खूण करावी. पैशांची फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. सूप कितीही चांगले असले, तरी शेवटचा हात पाखडणाऱ्यालाच फिरवावा लागतो.