पवनीचा तट आणि त्याचे धनी

गोंदिया जिल्ह्याच्या भूमीस स्पर्श करून आलेली वैनगंगा भंडारा शहरावरून दक्षिणेस वळते व पुढें तिच्या कांठीं पवनी हें गांव लागतें. गोंदिया व भंडारा हा १९९९ सालच्या १ मेपर्यंत एकच जिल्हा होता; त्या जुन्या जिल्ह्यांतील हें तटबंदीचें नगर दोन हजार वर्षांहूनहि अधिक जुनें आहे.

नगराच्या तीन बाजूंस खंदक व मातीचा उंच तट असून चौथ्या बाजूस नदी आहे. ही योजना दिसते साधी, पण तींत मोठें चातुर्य आहे. खंदक खणतांना निघालेली मातीच आंतल्या बाजूस रचली कीं, एका श्रमांत दोन अडथळे तयार होतात. दगडी भिंत तोफेच्या माऱ्यानें ढांसळते. मातीचा जाड तट तो मारा पोटांत घेतो. पुढील काळांत या तटावर दगडी बांधकाम चढलें, परंतु पाया मातीचाच राहिला.

या तटाआड कोणी राज्य केलें, हें सांगणारे ग्रंथ फार थोडे. सांगतात ते दगडच. पादुकांच्या एका शिळेवर भार वंशांतील भगदत्त राजाचें नांव आहे. दुसऱ्या एका स्मृतिस्तंभावर ‘महाक्षत्रप’ ही पदवी व रूपिअम्म हें नांव आहे. शकांची ही पदवी वैनगंगेच्या कांठीं सांपडावी, हें नवलच! हे लेख विद्वानांपुढें आणण्याचें श्रेय महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचें. सातवाहनांचा अंमलहि या प्रदेशावर होऊन गेला.

गांवाबाहेरील जगन्नाथ टेकडीची कथा याहून विलक्षण आहे. टेकडी म्हणूनच लोक तिला ओळखीत. १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व विभाग यांनीं तेथें उत्खनन केलें, तेव्हां आंत बौद्ध स्तूप निघाला. पावसांत बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचें पांच फणांचें शिल्प त्यांत आहे. मात्र फणांखालीं बुद्धाची मूर्ति नाहीं, रिकामें आसन आहे. त्या काळीं बुद्ध चिन्हानेंच दाखवीत. स्तूपाच्या दगडांवर दान देणारांचीं नांवें आहेत. तीं राजांचीं नव्हत, श्रद्धाळू स्त्रीपुरुषांचीं आहेत. म्हणून राजवंशांच्या याद्यांपेक्षां तीं अधिक मोलाचीं वाटतात.

मध्यंतरींचीं शतकें अंधुकच आहेत. पुढें पवनी देवगडच्या गोंड राजांकडे आली आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत ती रघूजी भोसल्यांनीं घेतली. १८१८ सालीं इंग्रजांनीं हल्ला करून किल्ला जिंकला. त्याच वर्षीं आजच्या गोंदिया जिल्ह्यांतील कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल यानें बंड केलें, तेंहि इंग्रजी फौजेनें मोडलें. नंतर १८५३ सालीं तिसरे रघूजी निधन पावले व पुढच्याच वर्षीं सारें नागपूर राज्य खालसा झालें.

या उलथापालथींत पवनीच्या कोष्ट्यांचे माग चालतच होते. रेशीमकांठी तलम वस्त्रांसाठीं गांवाचा लौकिक होता, आणि गोंड असोत कीं भोसले, असें वस्त्र सर्वांनाच हवें असे. खरा घाला पडला तो निराळ्याच दिशेनें. १८७७ च्या १ जानेवारीस नागपुरांत जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. आधींच विलायती कापड बाजारांत होतें. त्यांत जवळच्या गिरणीच्या स्वस्त कापडाची भर पडून साऱ्या प्रांताच्या हातमागांची मिळकत घटूं लागली.