चौकटीतली सूचना

नागपूरच्या रामदासपेठेत रस्त्याकडेला जिथे रोहित्र उभं असतं, तिथे लोखंडी कुंपणावर ती ओळखीची पाटी असते: कवटी, दोन हाडं, तांबड्या अक्षरांत ‘धोका’ आणि खाली व्होल्टचा आकडा. ही पाटी कोणाच्या मर्जीवर सोडलेली नाही. भारतीय विद्युत नियम, 1956 मधल्या 35व्या नियमानं ती सक्तीची केली. तिच्यावरचा मजकूर हिंदी किंवा इंग्रजीत आणि जोडीला त्या जिल्ह्याच्या भाषेत असावा, कवटी-हाडांचं चिन्ह असावं, इतकं बारकाईनं तिथे लिहिलं होतं. पाटीच्या आराखड्यासाठी आयएस 2551 हे वेगळं मानकही आहे. वाचता न येणाऱ्याला कवटी कळते, फक्त मराठी येणाऱ्याला ‘धोका’ कळतो आणि वायरमनला आकडा कळतो. तीन वाचकांची सोय एका हातभर पत्र्यावर झाली आहे.

त्याच रस्त्यानं थोडं पुढे गेलं की मेडिकलची दुकानं लागतात. रामदासपेठ आणि शेजारची धंतोली म्हणजे नागपुरातला दवाखान्यांचा पट्टा. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळ, तिकडून बालाघाट, छिंदवाडा इथले रुग्ण आणि नातेवाईक दिवसभर हातात चिठ्ठ्या घेऊन या दुकानांसमोर उभे असतात. त्यांच्या पिशवीत पडणाऱ्या गोळ्यांच्या पाकिटावरही इशारे असतात, तेही कायद्यानं सक्तीचे. पण ते जवळजवळ सगळे इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत. रोहित्राजवळून नुसतं जाणाऱ्याशी कायदा मराठीत बोलतो. औषध प्रत्यक्ष पोटात घेणाऱ्याशी मात्र बोलत नाही. हा फरक मला फार अस्वस्थ करतो, कारण यंत्रांची आणि सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिणं हा माझा रोजचा उद्योग आहे, आणि त्या उद्योगात सगळ्यात जबाबदारीचं काम असतं ते चौकटीचं.

चौकट म्हणजे चालू मजकुरातून बाहेर काढून, रेघ किंवा रंग देऊन वेगळी मांडलेली सूचना. माहितीपुस्तक कादंबरीसारखं पहिल्या पानापासून कोणी वाचत नाही. माणूस अडला की उघडतो, नजर फिरवतो, हवं ते सापडलं की मिटतो. त्या धावत्या नजरेला थांबवण्याचं काम चौकट करते. ‘हातातलं काम थांबव आणि आधी हे वाच’ असा हुकूमच असतो तो. म्हणून तो कधी सोडायचा, कोणाला सोडायचा आणि कोणत्या शब्दांत, याचा विचार लेखकानं करायलाच हवा.

जगानं त्यासाठी पायऱ्या ठरवल्या आहेत. अमेरिकेच्या एएनएसआय झेड535 या मानकमालिकेत त्या चार आहेत. तांबडा ‘डेंजर’: टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच. नारिंगी ‘वॉर्निंग’: मृत्यू किंवा गंभीर इजा होऊ शकते. पिवळा ‘कॉशन’: किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते. निळा ‘नोटिस’: माणसाला इजा नाही, पण वस्तूचं किंवा कामाचं नुकसान आहे. पायरी ठरते ती परिणाम किती गंभीर आणि किती संभाव्य यावरून; लिहिणाऱ्याला किती काळजी वाटते यावरून नव्हे. सॉफ्टवेअरच्या जगात मात्र ही शिस्त सैल झाली. गिटहबवर 2023च्या शेवटी पाच प्रकारच्या चौकटींची सोय अधिकृतपणे आली, आणि तिथे ‘वॉर्निंग’ पिवळी तर ‘कॉशन’ तांबडी आहे, म्हणजे क्रम नेमका उलटा. नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रातल्या एखाद्या कंपनीत बसून रुग्णालयाच्या यंत्राचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मुलाला दोन्ही जगांत वावरावं लागतं. त्यानं एका जगाची चौकट जशीच्या तशी दुसऱ्यात नेली तर वाचणारा तंत्रज्ञ धोक्याची पायरी चुकीची धरील. अशा वेळी शीर्षकातल्या शब्दावर विसंबू नये, परिणाम वाक्यातच लिहावा.

आता गोळ्यांच्या पाकिटाकडे वळू. औषध नियम, 1945 नुसार डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या लेबलवर डाव्या बाजूला उभी तांबडी रेघ असते. अनुसूची ‘एच’ आणि ‘एच1’ अशा त्यांच्या याद्या आहेत. ‘एच1’ ही यादी 2013च्या ऑगस्टमध्ये अधिसूचित झाली आणि 1 मार्च 2014 पासून लागू झाली. तिच्यात 46 औषधं होती, त्यांत बरीचशी वरच्या दर्जाची प्रतिजैविकं आणि क्षयरोगाची औषधं. त्यांच्या लेबलवर तांबड्या किनारीची चौकट लागते आणि दुकानदाराला विक्रीची वेगळी नोंदवही तीन वर्षं जपून ठेवावी लागते. प्रतिजैविकांचा बेबंद वापर रोखायला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं 2016 मध्ये या तांबड्या रेघेची मोहीमही काढली होती.

हे सगळं आवश्यकच आहे. पण त्या चौकटीत लिहिलंय काय, ते वाचा. नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय किरकोळीनं विकू नये, हा तिचा गाभा. म्हणजे ती दुकानदाराला उद्देशून आहे. ‘एच1’च्या चौकटीत वैद्यकीय सल्ल्याशिवाय हे घेणं धोक्याचं आहे एवढं एक वाक्य रुग्णासाठी आहे, धोका कसला ते तिथे नाही. पाकिटावरची सगळ्यात ठळक जागा विक्रीच्या नियमानं घेतली, आणि घरी नेऊन गोळी खाणाऱ्या माणसाच्या वाट्याला फारसं काही उरलं नाही. आयुर्वेदिक औषधांत विषारी द्रव्य असेल तर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना इंग्रजी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत छापायचा नियम आहे. म्हणजे दुसऱ्या भाषेला जागा करता येते, हे आपल्याच नियमांनी दाखवून दिलं आहे.

वाचक चुकला की काय होतं, याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण इन्सुलिनचं. भारतात इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक 40 युनिटच्या असतात, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये 40 युनिट. पेनमधलं काडतूस 100 युनिटचं, आणि काही इन्सुलिनच्या बाटल्याही 100च्या मिळतात. सिरिंजही दोन जातींच्या: 40ची तांबड्या टोपीची, 100ची नारिंगी टोपीची. समजा, डॉक्टरांनी 20 युनिट सांगितले. 40च्या सिरिंजवर 20ची खूण म्हणजे अर्धा मिलीलिटर. बाटली 100ची असेल तर त्या अर्ध्या मिलीलिटरमध्ये 50 युनिट येतात, अडीचपट. साखर झपाट्यानं उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. उलट 100च्या सिरिंजनं 40च्या बाटलीतून 20च्या खुणेपर्यंत ओढलं तर शरीरात जातात फक्त 8 युनिट, आणि साखर का उतरत नाही याचा शोध भलतीकडेच घेतला जातो. सुई टोचताना यातलं काही डोळ्यांना दिसत नाही. पाण्यासारखा द्रव, काचेची बाटली, प्लॅस्टिकची नळी, दोन्हीकडे सारखीच. ‘बाटलीवर 40 असेल तर तांबडी टोपी, 100 असेल तर नारिंगी टोपी’ एवढं वाक्य बाटलीच्या खोक्यावर आणि सिरिंजच्या पाकिटावर मराठी-हिंदीत, दोन रंगांच्या ठिपक्यांसह छापलं तर किती काम होईल! टोप्यांचे रंग आधीच ठरलेले आहेत. त्यांचा अर्थ घरापर्यंत पोचवायचा राहिला आहे.

दुसरं उदाहरण मेथोट्रेक्झेटचं. संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर तोंडात व्रण पडतात, अस्थिमज्जा रक्तपेशी बनवणं थांबवते आणि जीव जाऊ शकतो; जगभर अशा घटना नोंदल्या गेल्या आहेत. अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकावर काळ्या रेघांची चौकट आहे. अत्यंत गंभीर परिणामांसाठी राखून ठेवलेली ही चौकट तिथल्या नियमांत 1979 मध्ये आली. पण आपल्याकडचा रुग्ण वाचतो तो डिस्चार्ज कार्ड, आणि तिथे मी साधारण अशी वाक्यं पाहिली आहेत: ‘नोट: सदर औषध वैद्यकीय सल्ल्यानुसार विहित मात्रेत साप्ताहिक स्वरूपात घेण्यात यावे याची कृपया नोंद घ्यावी.’ यात चुकीचं काही नाही, पण कामाचा एकच शब्द आहे आणि तो मधोमध दडलाय. सकाळ-संध्याकाळ गोळ्या घ्यायची सवय झालेला माणूस तो सहज ओलांडून जातो. हेच मी असं लिहीन:

‘ही गोळी आठवड्यातून एकदाच, फक्त रविवारी. रोज घेऊ नका. रोज घेतली तर रक्तपेशी कमी होऊन जीव धोक्यात येतो. चुकून जास्त घेतली गेली तर त्रास होण्याची वाट न पाहता लगेच दवाखान्यात या.’

काय करायचं, काय नाही, केलं तर काय होईल आणि चूक झालीच तर पुढे काय, अशा चार गोष्टी या क्रमानं आल्या. ‘कृपया नोंद घ्यावी’ला इथे जागा नाही. चौकटीतली जागा मोलाची असते आणि वाचणाऱ्याच्या मनात तिची मुदत काही क्षणांची असते.

परिणामाइतकंच महत्त्व कारणाला आहे, विशेषतः धोका डोळ्यांना दिसत नसेल तेव्हा. 2018च्या जानेवारीत मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात रुग्णासोबत आलेला नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. चुंबकानं सिलिंडर खेचला, त्याच्यासोबत तोही ओढला गेला आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. यंत्र बंद आहे असं सांगितल्यामुळे तो आत गेला, असं त्याच्या घरच्यांचं म्हणणं होतं. एमआरआयच्या दारावर ‘धातूच्या वस्तू आत नेऊ नयेत’ अशी पाटी असतेच. ती वाचणारा मनाशी म्हणतो की तपासणी चालू असताना नेऊ नयेत. द्रव हेलियमनं थंड ठेवलेला तो चुंबक चोवीस तास जिवंत असतो, खोलीत आवाज नसला आणि रुग्ण नसला तरी, हे त्याला ठाऊक नसतं. 1.5 टेस्लाच्या चुंबकाची ताकद पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट असते. म्हणून दारावरचं पहिलं वाक्य ‘चुंबक नेहमी चालू असतो, मशीन बंद दिसलं तरी’ हे हवं, आणि धातूची यादी त्याच्याखाली. रामदासपेठेतल्या प्रत्येक स्कॅन सेंटरच्या दारावर ते मराठीत आणि हिंदीत, डोळ्यांच्या उंचीला असावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

मग सगळंच चौकटीत टाकावं का? तसं केलं की चौकट मरते. कॅनडात बनलेल्या थेराक-25 या किरणोपचार यंत्रानं 1985 ते 1987 या काळात सहा रुग्णांना प्रचंड जास्त मात्रा दिली, त्यातले काही दगावले. टेक्सासमधल्या टायलर गावी 1986 मध्ये पडद्यावर ‘मालफंक्शन 54’ एवढंच उमटलं. माहितीपुस्तकात या क्रमांकाचा उलगडा नव्हता. ते यंत्र असे क्रमांक वरचेवर दाखवायचं, त्यामुळे ‘पी’ हे बटण दाबून पुढे जायची सवय ऑपरेटरच्या बोटांना लागली होती. इथेही तेच झालं. सॉफ्टवेअरचे दोष आणि यांत्रिक अटकाव काढून टाकण्याचा निर्णय ही त्या अपघातांची मूळ कारणं. पण शेवटची संधी त्या निरर्थक सूचनेनं घालवली. आजच्या अतिदक्षता विभागांची तक्रारही याच जातीची आहे. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या अमेरिकेतल्या जॉइंट कमिशननं 2013 मध्ये इशारा दिला तेव्हा यंत्रांच्या 85 ते 99 टक्के गजरांवर काही वैद्यकीय कृती करावीच लागत नाही, असा अंदाज नोंदवला होता. उरलेला खरा गजर त्या गोंगाटात ऐकू येत नाही.

गिटहबच्या मार्गदर्शनात एका लेखात एक-दोनच चौकटी ठेवा आणि त्या लागोपाठ लावू नका असं सांगितलेलं आहे, ते मला पूर्ण पटतं. मी मसुदा तपासताना प्रत्येक चौकट काढून बघतो. मजकूर तिच्याशिवाय नीट चालत असेल तर ती परत लावत नाही. बऱ्याचदा चौकटीतलं वाक्य नुसत्या परिच्छेदात अधिक चांगलं बसतं. कधी असंही दिसतं की पायरीच अवघड लिहिली आहे आणि चौकट त्यावरचं ठिगळ आहे. तेव्हा पायरी दुरुस्त करायची.

जागेचा नियम सोपा आहे, तरी सर्वांत जास्त मोडला जातो: इशारा कृतीच्या आधी. विमानांच्या देखभालीच्या पुस्तकांत तो कसोशीनं पाळतात. सॉफ्टवेअरच्या पानांवर मात्र आधी आज्ञा छापलेली असते आणि खाली चौकटीत लिहिलेलं असतं की बॅकअप घेतला नसेल तर सगळी माहिती पुसली जाईल. तोवर वाचणाऱ्यानं ती आज्ञा उचलून चालवलेली असते. डिस्चार्ज कार्डावरही तसंच. ‘उपाशीपोटी’ हा शब्द गोळीच्या नावाआधी हवा, पानाच्या तळाशी फुली मारून नको.

आणि पायरी ठरवताना गाव बघावं लागतं. बरीच औषधं 25 किंवा 30 अंशांच्या खाली ठेवा असं बारीक अक्षरात छापून येतं. थंड प्रदेशात ती साधी टीप आहे. नागपुरात मे महिन्यात पारा 45च्या पुढे जातो आणि रुग्ण रामदासपेठेतून औषध घेऊन एसटीनं चार-पाच तास गडचिरोलीकडे जातो, तेव्हा तीच टीप पहिल्या क्रमांकाचा इशारा होते. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. उन्हात तापलेल्या पिशवीत ते खराब होतं, आणि बर्फाला चिकटवून नेलं तर गोठूनही खराब होतं. म्हणून ‘बर्फात ठेवा’ ही सूचनाही अपुरी. ‘थर्मासमध्ये, बर्फ आणि बाटली यांच्यामध्ये कापड घालून’ असं लिहावं लागतं. हे वाक्य कंपनीच्या मुंबई किंवा बेंगळुरूच्या कार्यालयात सुचणार नाही. ते मेडिकलच्या काउंटरवर सुचेल, छापील चिकटपट्टीवर मावेल आणि तिथेच लावताही येईल.

लिहिलेली चौकट चालते का, हे तपासायची एक पद्धत आरोग्यशिक्षणात रुळली आहे आणि ती फुकट आहे. कागद हातात द्यायचा, वाचू द्यायचा, आणि ‘समजलं का’ असं विचारायचं नाही. त्याला सगळेच ‘हो’ म्हणतात. विचारायचं ते असं: ‘काकू, रविवार सोडून दुसऱ्या दिवशी ही गोळी डब्यात दिसली तर काय कराल?’ काकू ‘खाऊन टाकीन, राहून गेली असेल’ असं म्हणाल्या तर तो मजकूर पुन्हा लिहायचा. ‘विसरलेली गोळी दुसऱ्या दिवशी आपल्या मनानं घेऊ नका, आधी दवाखान्यात फोन करून विचारा’ हे वाक्य चौकटीत घालायचं, आणि तोच कागद पुढच्या माणसाच्या हाती देऊन तोच प्रश्न परत विचारायचा.