शाळेतला गाण्याचा तास आणि गाण्याच्या शिक्षकाची नोकरी

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? पोचत नसेल तर हात वर करा. वर्गात पन्नास मुलांसमोर माइकशिवाय बोलण्यात माझी एकतीस वर्षं गेली, त्यामुळे माइकची मला थोडी भीतीच वाटते.

आजचा विषय संयोजकांनी दिला आहे : शालेय संगीत आणि संगीतशिक्षक म्हणून काम कसं मिळवावं. सभागृहात विशारद झालेली, विशारदच्या वाटेवर असलेली बरीच तरुण मंडळी दिसतायत. काही पालकही आहेत. पालकांच्या मनातला प्रश्न मला ठाऊक आहे. ‘गाणं शिकून पुढे काय?’ त्याचं उत्तर गोड करून न सांगता, आहे तसं सांगायचा प्रयत्न करतो.

सुरुवात थोडी मागून करू. गाणं शाळेच्या पद्धतीनं शिकवायचं, म्हणजे वर्ग, वेळापत्रक, क्रमिक पुस्तक आणि परीक्षा, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले विष्णू दिगंबर पलुस्कर लाहोरला गेले आणि १९०१ साली तिथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. फी भरून कुणीही यावं आणि शिकावं. पण आजच्या विषयाच्या दृष्टीनं मला त्यांचा ‘उपदेशक वर्ग’ जास्त महत्त्वाचा वाटतो. यातल्या विद्यार्थ्यांची राहण्या-जेवणाची सोय संस्था करायची, शिक्षण फुकट, आणि पुढे या मुलांनी गाणं शिकवायचं. म्हणजे पंडितजींना एक गोष्ट कळली होती : गाणारे तयार केले म्हणजे शिकवणारे आपोआप तयार होत नाहीत, शिकवणारे वेगळे घडवावे लागतात. दुसऱ्या बाजूला पंडित भातखंडे क्रमिक पुस्तकांची मालिका तयार करत होते, आणि १९२६ साली लखनौचं संगीत महाविद्यालय उभं राहिलं. १९३१ साली पलुस्कर गेले, आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही जी शिडी तुम्ही चढताय, ती या मंडळाची.

आता प्रश्न असा, की इतका मोठा वारसा महाराष्ट्रातल्या माणसांनी उभा केला, तर महाराष्ट्रातल्या शाळेत गाण्याचा शिक्षक इतका दुर्मीळ का?

याचं उत्तर मी चित्रकलेच्या शिक्षकाकडे बघून शोधतो. आपल्या बहुतेक माध्यमिक शाळांत चित्रकलेचे सर असतात. का असतात? एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा आठवा. त्या सरकारच्या कला संचालनालयाच्या, आणि मुलं त्यांना बसतात ती शाळेमार्फत. शाळेला परीक्षेची तयारी करून घ्यायची असते, म्हणून शिक्षक लागतो, म्हणून त्या शिक्षकाची पदविका ठरलेली असते. गाण्याचं उलट झालं. परीक्षा चांगल्या उभ्या राहिल्या, पण मुलं त्यांना बसतात ती खासगी क्लासमार्फत. शाळेचा संबंधच आला नाही. दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे सवलतीचे गुण मिळतात, त्याचा फायदा झाला तो क्लासना. शाळेनं फक्त प्रस्ताव पाठवायचा. वेळापत्रकात ‘कला’ हा एकच विषय, त्याला शिक्षक एकच, आणि तो चित्रकलेचा. यात चित्रकलेच्या सरांचा काही दोष नाही बरं का! माझे सगळ्यात जवळचे सहकारी तेच होते.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अमलात आला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या परिशिष्टात लिहिलं आहे की सहावी ते आठवीला शंभराहून जास्त मुलं असतील तर तिथे कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत. दोन शब्द नीट ऐका. ‘अंशकालीन’ आणि ‘निदेशक’. पूर्ण वेळ नाही, आणि शिक्षकही म्हटलेलं नाही. शिवाय ‘कला’ म्हणजे संगीतच, असंही नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं भाषा बदलली. कला हा ‘अवांतर’ विषय नाही, अभ्यासाचा विषय आणि अवांतर उपक्रम अशी भिंत नको, असं त्यात स्पष्ट आहे. स्थानिक कलावंतांना शाळेत शिकवायला बोलवावं, असंही आहे. ही चांगली गोष्ट आहे. गावातल्या भजनी मंडळाचा पखवाजवादक शाळेत आला तर मुलांना मिळेल ते पुस्तकातून मिळणार नाही. पण कलावंताला बोलावणं आणि शिक्षकाचं पद भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली केली म्हणून दुसरी केल्यासारखं होत नाही. हा मुद्दा आपण सगळ्यांनी धरून ठेवायला हवा.

बरं, आता नोकरी. कुठे आहे?

पहिली जागा : केंद्रीय विद्यालयं. तिथे प्राथमिक विभागासाठी संगीतशिक्षकाचं स्वतंत्र पद असतं. बारावीला पन्नास टक्के गुण, आणि संगीतातली पदवी किंवा समकक्ष पात्रता. हिंदी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांतून शिकवता यायला हवं. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतनाची सुरुवात ३५,४०० रुपयांपासून. दुसरी जागा : जवाहर नवोदय विद्यालयं. ही निवासी आहेत, तिथेही संगीतशिक्षक असतो. इथे एक सावधगिरी. विशारद म्हणजे पदवीच, असं आपल्याकडे सरसकट सांगितलं जातं. तसं धरून चालू नका. कुठे विशारदबरोबर बारावी मागतात, कुठे विद्यापीठाचीच पदवी मागतात. दर वेळी त्या वर्षीची जाहिरात शब्द न् शब्द वाचा. म्हणून माझा सल्ला असा, की विशारद करताना विद्यापीठाची पदवीही करा. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठ आहे, एसएनडीटी आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आहे. दोन्ही कागद हातात असले की जाहिरात कशीही येवो, तुम्ही बाहेर फेकले जात नाही.

तिसरी जागा : खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळा. संख्येनं सगळ्यात जास्त काम आज इथे आहे. यांना स्नेहसंमेलन हवं असतं, प्रार्थना हवी असते, आणि हल्ली कीबोर्ड आणि गिटारही हवं असतं. हार्मोनियमवर तुमचा हात चालत असेल तर कीबोर्डवर साध्या स्वरसंगती वाजवायला शिका, त्यात कमीपणा नाही.

चौथी गोष्ट म्हणजे तासिका तत्त्व. माझी सुरुवात त्यावरच झाली. शाळेचं नाव सांगत नाही, ती आता मोठी संस्था आहे. जितक्या तासिका तितके पैसे. ऐकायला ठीक वाटतं. पण हिशेब करा. मे महिना सुट्टी, दिवाळी सुट्टी, सहामाही, वार्षिक, आणि शिवाय गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की पहिला तास कुणाचा जातो? (हशा) वर्षाचे महिने बारा, माझे पैशाचे महिने भरायचे जेमतेम आठ. घरभाडं मात्र बारा महिन्यांचं. तेव्हा तासिकेवर काम घेताना तीन गोष्टी लेखी मागा : आठवड्याला किमान किती तासिका, रद्द झालेल्या तासिकेचे पैसे मिळणार की नाही, आणि स्नेहसंमेलनाच्या तालमींचा वेळ धरणार की नाही. विचारायला लाजू नका.

मुलाखतीला नमुना पाठ घ्यायला सांगतात. तिथे आपली हुशार मुलं पडतात. एका मुलीचा पाठ मी परीक्षक म्हणून पाहिला. सुरेख गळा. तिनं पाचवीच्या मुलांसमोर विलंबित ख्याल मांडला. चौथ्या मिनिटाला मागच्या बाकावर फुली-गोळा सुरू झाला! शाळेचा तास पस्तीस मिनिटांचा. त्यात हजेरी आणि गोंगाट गेला की हातात पंचवीस. मुलांचं ऐकणं कमी आणि गाणं-वाजवणं जास्त हवं. टाळ्यांवर केरवा घ्या, आठ मात्रा, चार-चारचे दोन भाग. मग दादरा, सहा मात्रा, तीन-तीन. अर्धा वर्ग केरव्याला टाळ्या देईल, अर्धा बोल म्हणेल. मग एक छोटी ओळ, तुम्ही म्हणा, त्यांनी म्हणायची. एवढं झालं तरी पाठ उत्तम.

आणि पट्टी! पुरुष शिक्षक बहुधा काळी एकमध्ये गातात आणि मुलांनाही त्यातच ओढतात. मुलं एक तर खाली घोगरी पुटपुटतात, नाही तर एक सप्तक वर जाऊन किंचाळतात. लहान मुलांचा वर्ग काळी चार, काळी पाचच्या आसपास सहज गातो. अडचण आपली होते, पण पट्टी मुलांची हवी, मास्तरांची नव्हे.

यावरून एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी पंधरा ऑगस्टच्या समूहगीताची तालीम चालू होती. आठवीतला एक मुलगा सारखा खाली घसरत होता. मी वैतागून म्हटलं, “तू नुसते ओठ हलव.” हलवले बिचाऱ्यानं. बऱ्याच वर्षांनी तो बसस्टँडवर भेटला, बरोबर त्याची छोटी मुलगी. हसत म्हणाला, “सर, तेव्हापासून मी गायलोच नाही. आरतीलासुद्धा नुसते ओठ हलवतो.” त्याला राग नव्हता. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. कारण त्याचा आवाज बेसूर नव्हता, फुटत होता. त्या वयात मुलांचा आवाज उतरतोच. त्याला वर्षभर खालच्या पट्टीत चार-पाच सुरांत गाऊ द्यायला हवं होतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी विशारद होतो, पहिल्या श्रेणीत. पण राग ओळखायला शिकलो होतो, फुटणारा आवाज ओळखायला नाही.

‘गाण्याचा तास काय, कुणीही घेईल,’ असं कुणी म्हणालं की मला तो मुलगा आठवतो. कुणीही घेतला तर काय होतं, ते मी स्वतः करून पाहिलं आहे. म्हणून शाळेत गाण्याचा शिक्षक हवा, तो शिकवायला शिकलेला हवा, आणि त्याला बारा महिने पगार हवा.

(प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न : नोकरी मिळेपर्यंत घरी क्लास सुरू करावा का?

उत्तर : जरूर करा, पण सवलतीच्या गुणांपुरती येणारी मुलं दहावीनंतर जातात, हे धरून चला. आणि आठवड्यातून एक दिवस जवळच्या एखाद्या शाळेत मुख्याध्यापकांना विचारून पाठ घ्या. पन्नास मुलांची सवय घरच्या पाच मुलांवर होत नाही.

प्रश्न : सर, त्या मुलाचं पुढे काय झालं?

उत्तर : त्याची मुलगी माझ्याकडे शिकते. तिला सोडायला तो येतो, दाराबाहेर बसतो. आत ये म्हटलं की ‘पुढच्या वेळी’ म्हणतो. बघू.