एकूण किती चाललो?
(डबा शोधण्याचा खेळ आणि अंतराचा हिशेब)



"तुझं घर शाळेपासून किती लांब?" असे विचारले की प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते. कुणी म्हणतो, "इथंच तर हाय." कुणी म्हणते, "अर्धा तास लागतो." आमचे आबा अजून कोसात सांगतात. मोबाईल उघडला तर तो चौथाच आकडा दाखवतो. मग खरे कुणाचे? या लेखात मी त्याचीच माहिती देणार आहे. ही माहिती आम्हाला एका खेळातून मिळाली, म्हणून आधी खेळ सांगते.

परदेशात 'जिओकॅशिंग' नावाचा एक खेळ आहे. आकाशात फिरणाऱ्या उपग्रहांकडून आपली जागा ओळखण्याची जी जी.पी.एस. पद्धत आहे, तिच्यात अमेरिकेचे सरकार पूर्वी मुद्दाम थोडी चूक ठेवत असे. मे २००० च्या सुरुवातीला ती काढून टाकली. त्यामुळे साध्या माणसाच्या हातातले यंत्रही जागा चांगली अचूक सांगू लागले. लगेच ३ मे २००० रोजी अमेरिकेतील ओरेगन राज्यात डेव्ह अल्मर या गृहस्थांनी रानात एक बादली लपवली. तिच्यात वही, पेन्सिल आणि काही वस्तू ठेवल्या आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. ज्याला सापडेल त्याने वहीत नाव लिहायचे, एखादी वस्तू घ्यायची आणि आपली एक ठेवायची. पुढे हा खेळ जगभर पसरला. २००८ साली तर रिचर्ड गॅरियट यांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातसुद्धा अशी एक जागा नेमली!

या खेळात धातूचे छोटे बिल्लेही असतात. प्रत्येकावर नंबर असतो. एकाने बिल्ला या डब्यातून उचलायचा आणि दुसऱ्या गावच्या डब्यात टाकायचा. बिल्ला एकूण किती फिरला याची नोंद ठेवतात. आता लक्ष द्या. ही नोंद डब्यापासून डब्यापर्यंतच्या सरळ रेषांची बेरीज असते. नेणारा माणूस घाट चढून गेला की नदीला वळसा घालून गेला, हे त्या बेरजेत येत नाही.

हे ऐकल्यावर गुरुजी म्हणाले, "मग आपणच करून बघू." आमचे गाव सातारा जिल्ह्याच्या टोकाला आहे. पलीकडची टेकडी उतरली की सांगली जिल्हा लागतो. गुरुजींनी शेतमालकांना विचारून तीन जागी बिस्किटांचे रिकामे डबे ठेवले. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही सातवीची मुले शाळेतून निघालो, तिन्ही डबे शोधले आणि परत शाळेत आलो. ही फेरी आम्ही चार तऱ्हांनी मोजली.

पहिली तऱ्हा : सरळ रेषा

अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा एक अंश मात्र आपल्याकडे सुमारे १०६ किलोमीटर भरतो, कारण रेखावृत्ते ध्रुवांकडे जाताना जवळ जवळ येतात. एवढे माहीत असले की सातवीच्या पुस्तकातला पायथागोरसचा सिद्धांत उपयोगी पडतो.

उदाहरण घ्या. सातारा सुमारे १७.६८ अंश उत्तर आणि ७४ अंश पूर्व. सांगली सुमारे १६.८५ अंश उत्तर आणि ७४.५७ अंश पूर्व. म्हणजे सांगली साताऱ्याच्या दक्षिणेला सुमारे ९२ किलोमीटर आणि पूर्वेला सुमारे ६० किलोमीटर. ९२ चा वर्ग ८४६४, ६० चा वर्ग ३६००, बेरीज १२०६४. तिचे वर्गमूळ जवळजवळ ११०. म्हणून सातारा ते सांगली सरळ रेषेत ११० किलोमीटर. पण एस.टी. काही सरळ रेषेत जात नाही. कराडवरून रस्त्याने गेले तर सव्वाशेच्या आसपास पडतात.

अशाच रीतीने आमच्या फेरीच्या चार बाजू आल्या ६००, ४५०, ७०० आणि ८५० मीटर. बेरीज २,६०० मीटर.

दुसरी तऱ्हा : पावले

आधी पाऊल किती लांब ते ठरवावे लागते. शेतकऱ्याच्या घरी गुंठा सर्वांना ठाऊक असतो. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा. ३३ फूट म्हणजे जवळजवळ १० मीटर. तेवढी दोरी घेऊन ती मैदानात दहा वेळा लावली की १०० मीटर झाले. मी ते १९२ पावलांत चालले, म्हणजे माझे पाऊल ५२ सेंटिमीटरचे. फेरीत माझी ७,९०० पावले भरली. गुणाकार आला ४,१०८ मीटर.

तिसरी तऱ्हा : चाक

सायकलच्या दुकानातून जुने चाक चिमट्यासकट मागून आणले. आरीला लाल फडके बांधले. चाक एकदा पुरे फिरले की जमिनीवर २ मीटर ७ सेंटिमीटर अंतर होते. एकाने चाक ढकलायचे, दोघांनी फडके मोजायचे. मोजणारे दोघे अशासाठी की एकाचा आकडा चुकला तर दुसऱ्याचा असतो. बांध आला की चाक उचलायचे नाही, बांधावरून तसेच फिरवत न्यायचे. फेऱ्या झाल्या १,७८०, म्हणजे ३,६८५ मीटर. रस्ते मोजणारी माणसेसुद्धा असेच चाक वापरतात.

चौथी तऱ्हा : मोबाईल

गुरुजींच्या मोबाईलने आकडा दाखवला ३,९२० मीटर.

आता सगळे आकडे एका खाली एक मांडते :

सरळ रेषा – २,६०० मीटर
चाक – ३,६८५ मीटर
मोबाईल – ३,९२० मीटर
पावले – ४,१०८ मीटर

फेरी एकच, चालणारी पोरेही तीच, आणि आकडे चार! असे का व्हावे?

पावलांचा आकडा जास्त आला, कारण चढाला पाऊल आखूड पडते. आम्ही सपाट मैदानावरचे ५२ सेंटिमीटर धरले होते, टेकडीवर तेवढे पडत नाही.

मोबाईलचे कारण गमतीचे आहे. जी.पी.एस. चे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की मोबाईल आपली जागा ठरवतो. पण उघड्या माळावरसुद्धा त्यात काही मीटरचा फरक पडतो. दाट झाडाखाली किंवा कड्याजवळ तो वाढतो. आम्ही वडाखाली बसून भाकरी खाल्ली, तेवढ्या वेळात मोबाईलने १२० मीटर वाढवले! आम्ही जागचे हललो नव्हतो. मोबाईलला मात्र आम्ही कधी इकडे तर कधी तिकडे दिसत होतो आणि तो सगळे जोडत बसला. उलट, मोबाईलने फार वेळाने एकेक खूण घेतली, तर तो वळणे कापून टाकतो आणि आकडा कमी येतो. म्हणून जेवायला बसताना मोजणी थांबवावी.

आमच्यातल्या काहींना वाटत होते की सरळ रेषेचा आकडा चढामुळे कमी आला. म्हणून तेही करून बघितले. समजा, नकाशावर १,००० मीटर अंतर आहे आणि तेवढ्यात ३०० मीटर चढ आहे. पायथागोरसने उत्तर येते सुमारे १,०४४ मीटर. म्हणजे एवढा मोठा चढ असून फक्त ४४ मीटर वाढले! दम लागतो तो चढामुळे, पण अंतर वाढते ते वळणांमुळे. ओढ्याला घातलेला वळसा, उसाच्या फडाच्या कडेने गेलेली पायवाट, टेकडीची नागमोडी वाट, या सगळ्यांनी मिळून आमचे १,०८५ मीटर वाढवले.

चार तऱ्हांत आम्हाला चाक सर्वांत भरवशाचे वाटले. पण चाकही वाळूत घसरते. मंगळावर अमेरिकेने क्युरिऑसिटी नावाची गाडी पाठवली, ती २०१२ साली तिथे उतरली. तिच्या चाकांना मुद्दाम भोके ठेवली आहेत. त्यांच्या खुणा मातीत उमटतात आणि फोटोत त्या मोजून चाक किती घसरले ते शास्त्रज्ञांना समजते. आमच्या लाल फडक्याचाच तो मोठा भाऊ म्हणायचा. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स गाडीवर तर वर सांगितलेल्या खेळाचा नंबरही कोरलेला आहे.

याचा आपल्याला उपयोग काय?

आता खरी गोष्ट सांगते. आपल्या शाळेत ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून मुले येतात. त्यांतला एक दुसरीत आहे. नकाशावर त्याचे घर शाळेपासून सरळ रेषेत ९०० मीटर दिसते. पण मधे ओढा आहे. त्याचे दोन्ही काठ उभे आहेत आणि पावसाळ्यात त्याला छातीइतके पाणी असते. त्यामुळे मुले खाली साकवापर्यंत जातात आणि तिथून वर येतात. आम्ही त्या वाटेने चाक नेले. १,०१५ फेऱ्या भरल्या, म्हणजे २,१०१ मीटर.

शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली झाला. त्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलांना शाळा चालत जाण्याच्या १ किलोमीटर अंतरात असावी आणि सहावी ते आठवीच्या मुलांना ३ किलोमीटरच्या आत असावी. त्याहून लांब राहणाऱ्यांसाठी वाहतुकीच्या सोयीची किंवा भत्त्याची तरतूद असते. आता बघा, ९०० मीटर धरले तर तो मुलगा नियमाच्या आत बसतो. २,१०१ मीटर धरले तर बसत नाही. मुलगा तोच, घर तेच आणि शाळाही तीच. फरक फक्त मोजण्याच्या तऱ्हेचा.

वर्षाचा हिशेब केला तर डोळे फिरतात. पाचवीपर्यंत वर्षात निदान २०० दिवस शाळा भरावी लागते. सरळ रेषेने धरले तर त्याचे जाऊन येऊन रोज १.८ किलोमीटर, म्हणजे वर्षाला ३६० किलोमीटर. खरे चालणे रोज ४.२ किलोमीटर, म्हणजे ८४० किलोमीटर. मधले ४८० किलोमीटर कागदावर कुठेच नाहीत, पण त्याच्या पायांनी ते चाललेले असतात. ८४० किलोमीटर म्हणजे सातारा ते सांगली रस्त्याने जवळजवळ सात वेळा. आणि हे सगळे दप्तर पाठीवर घेऊन!

वस्तीवरच्या पालकांनी भत्त्यासाठी अर्ज केला आहे. आधी तो "अंतर कमी" म्हणून परत आला होता. या वेळी अर्जासोबत आमचा हातकाढी नकाशा, वाटेतल्या खुणा आणि चाकाच्या फेऱ्यांचा तक्ता जोडला आहे. मोजताना वस्तीवरचे दोन पालक बरोबर होते, त्यांच्या सह्या आहेत. उत्तर अजून यायचे आहे. आल्यावर याच फळ्यावर लावू.

तुम्हीही वही घाला

दोनशे पानी वही नको, चाळीस पानी पुरे. पाच रकाने आखा : तारीख, कुठून, कुठे, कोणत्या वाटेने, कशाने मोजले. सहाव्या रकान्यात अंतर लिहा आणि सातव्यात तोपर्यंतची एकूण बेरीज. ही बेरीज रोज पुढे न्यायची. "कशाने मोजले" हा रकाना कधी रिकामा सोडू नका. पावलांचे अंतर आणि सरळ रेषेचे अंतर एकाच बेरजेत घालू नका. ज्वारीच्या पोत्यात गहू मिसळल्यासारखे होते, मग ना ते धड ज्वारी राहत ना गहू. पावसाळ्यात वाट बदलली तर नवीन वाट पुन्हा मोजा.

डबा शोधण्याचा खेळ खेळायचा असेल तर काही गोष्टी पाळा. मालकाला विचारल्याशिवाय रानात डबा ठेवू नये. विहिरीच्या काठाला, दगडाच्या कपारीत किंवा बिळाजवळ ठेवू नये, तिथे विंचूकाटा असतो. किल्ल्याच्या तटात किंवा देवळाच्या भिंतीत काही खोचू नये. एकट्याने जाऊ नये.

आबांना हा सगळा हिशेब वाचून दाखवला. ते म्हणाले, "आमच्या वक्ताला कोस म्हणजे पायाला कळायचा तेवढा कोस." मला वाटते ते बरोबर आहे. चालणाऱ्याचे अंतर चालण्याच्या वाटेनेच मोजावे.

पालकहो, या लेखाच्या खाली कोरा कागद लावला आहे आणि दोऱ्याला पेन्सिल बांधली आहे. आपले मूल कोणत्या वाटेने येते आणि ती वाट आपल्या अंदाजाने किती आहे, ते लिहून जावे. चाक वर्गात ठेवले आहे. ज्यांची वाट मोजायची राहिली असेल, त्यांच्याकडे आम्ही येत्या शनिवारी चाक घेऊन येऊ.

– इयत्ता सातवी