पट्टीवर न दिसणारी कपात

बाजार समितीत माल घातला की हातात पट्टी पडते. वजन, भाव, हमाली, तोलाई सारे तीवर ओळीने लिहिलेले असते. चार रुपये जास्त कापले गेले तर आपण तिथल्या तिथे विचारतो. म्युच्युअल फंडात ठेवलेल्या पैशातूनही कपात होते, पण तिची पट्टी कोणी घरी आणून देत नाही. रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला किंवा दोन चांगल्या हंगामांची शिल्लक फंडात ठेवणारी घरे आता गावोगाव आहेत. म्हणून हा हिशेब घरातल्या कर्त्या माणसाने आणि घर चालवणाऱ्या गृहिणीने, दोघांनीही समजून घ्यावा.

कपात कशी होते?

फंड अनेकांचे पैसे एकत्र करून कंपन्यांचे शेअर घेतो. त्याची व्यवस्था, हिशेब, विक्रेत्याचे कमिशन यांचा खर्च आपल्याच पैशातून जातो. वर्षाला शेकडा किती जातो, तो आकडा माहितीपत्रकात 'एक्स्पेन्स रेशो' या नावाने छापलेला असतो. हा खर्च रोज थोडा थोडा वजा करूनच युनिटचा भाव, म्हणजे एनएव्ही, जाहीर होतो. त्यामुळे एनएव्हीवरून काढलेल्या परताव्यातून तो पुन्हा वजा करायचा नसतो.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ही कपात नफ्यावर नसते, साऱ्या रकमेवर असते. पीक बुडाले तरी सालगड्याचे साल चुकवावेच लागते, तसे बाजार पडला त्या वर्षीही फंडाचा खर्च चालूच राहतो.

काम किती, मजुरी किती?

काही फंड वर्षभर शेअर घेतात नि विकतात. काही एकदा घेऊन राखून ठेवतात. फंडाच्या मासिक पत्रकात 'टर्नओव्हर रेशो' दिलेला असतो. तो २० टक्के असेल तर ढोबळमानाने वर्षात पाचवा हिस्सा माल बदलला असे समजावे. प्रत्येक खरेदी-विक्रीला दलाली आणि कर लागतो, तोही शेवटी आपल्याच पैशातून जातो. म्हणून कमी उलाढाल हा एक फायदाच आहे.

राखून ठेवण्याचे टोकाचे उदाहरण अमेरिकेत आहे. १९३५ साली तिथे 'कॉर्पोरेट लीडर्स' नावाचा फंड निघाला. त्याने ३० मोठ्या कंपन्यांचे सारखे सारखे शेअर घेतले आणि आपल्या मर्जीने नवी कंपनी घ्यायची नाही असा नियमच केला. आपल्याकडे याच्या जवळ जाणारा प्रकार म्हणजे इंडेक्स फंड. निफ्टी ५० च्या यादीतल्या कंपन्या यादीतल्याच प्रमाणात घ्यायच्या आणि यादी बदलली तरच बदलायच्या, एवढेच त्याचे काम. यादीची तपासणी वर्षातून दोनदा होते.

आंब्याची बाग लावताना खड्डे, पाणी, कुंपण अशी कामे असतात. बाग धरल्यावर तेवढे मजूर आपण ठेवत नाही. तसेच, राखण्याचेच काम करणाऱ्या फंडाने निवड करणाऱ्या फंडाइतकी मजुरी मागितली, तर का म्हणून विचारले पाहिजे.

वीस वर्षांचा हिशेब

समजा १ लाख रुपये २० वर्षे ठेवले आणि खर्चापूर्वी वर्षाला १० टक्के वाढ झाली. हा दर केवळ उदाहरणापुरता आहे, कोणी त्याची हमी देत नाही.

खर्च पाव टक्का असेल तर निव्वळ वाढ पावणेदहा टक्के. शेवटी सुमारे ६ लाख ४३ हजार होतात.

खर्च सव्वा टक्का असेल तर निव्वळ वाढ पावणेनऊ टक्के. शेवटी सुमारे ५ लाख ३५ हजार होतात.

एका टक्क्याचा फरक, पण घरात आले १ लाखाहून अधिक कमी. मूळ ठेवलेल्या रकमेपेक्षाही जास्त! कापलेला पैसा तर जातोच, शिवाय त्या पैशाची पुढची वाढही जाते.

जास्त खर्च वायाच का?

तसे सरसकट म्हणता येणार नाही. एकाच यादीवर चालणाऱ्या दोन इंडेक्स फंडांत माल सारखाच, म्हणून तिथे स्वस्त तो बहुधा सरस. शेअर निवडणाऱ्या फंडाचा खर्च वजा जाता १० वर्षांचा परतावा पाहावा. तो लाभांश धरून काढलेल्या निर्देशांकाच्या पुढे असेल, तर त्याने मजुरी कमावली. तरीही मागचे पीक पुढच्या हंगामाची हमी नव्हे. परतावा अनिश्चित असतो, खर्च मात्र ठरलेला असतो.

विक्रेत्याचेही तसेच. १ जानेवारी २०१३ पासून फंड 'डायरेक्ट' पद्धतीने घेता येतो. त्यात विक्रेत्याचे कमिशन नसते, म्हणून खर्च कमी. 'रेग्युलर' पद्धतीत ते कमिशन दरवर्षी चालू राहते. विक्रेता घरी येऊन कागद नीट करून देत असेल, वारसाचे नाव लावायला सांगत असेल आणि बाजार पडल्यावर घाबरून विकू देत नसेल, तर त्याची मजुरी रास्त आहे. एकदा सही घेऊन पुन्हा न फिरकणाऱ्याला मात्र ती का द्यावी? पण 'रेग्युलर'मधून 'डायरेक्ट'मध्ये जाणे म्हणजे विकून पुन्हा घेणेच होय. कर आणि एक्झिट लोड किती बसेल ते आधी विचारावे.

शेवटी एक सावधगिरी. २००८ साली शेअर बाजार निम्म्याहून अधिक कोसळला. २०२० च्या मार्चपर्यंत दोन-तीन महिन्यांतच तो तिसऱ्या हिश्श्याहून अधिक उतरला. म्हणून बियाणे-खताचे, लग्नाचे, दवाखान्याचे पैसे यात घालू नयेत. आधी कर्ज फेडावे, मग वर्षाचा खर्च बाजूला ठेवावा, आणि दहा-पंधरा वर्षे हात लावायचा नाही असा पैसाच इथे ठेवावा.

ज्यांनी आधीच ठेवला आहे, त्यांनी आज फंडाचा कागद काढून तीन गोष्टी वहीत लिहाव्यात : एक्स्पेन्स रेशो किती, टर्नओव्हर रेशो किती, आणि नावापुढे डायरेक्ट आहे की रेग्युलर. पट्टी कोणी देत नसेल तर आपली आपण मांडावी.