पाय अधू झाला, तर टक्के कसे ठरतात?

शेतकरी बंधूंनो, बैलाने मारले, ट्रॅक्टरवरून पडलो, विहिरीत घसरलो, असे काही घडले की वर्षभर दवाखाना होतो. पाय मात्र पहिल्यासारखा होत नाही. मग कुणीतरी सांगतो, "सिव्हिलला जा, 40 टक्के काढून आण, पगार चालू होईल." हे टक्के ओळखीवर मिळतात, असा समज गावोगाव आहे. पण मोजण्याची रीत ठरलेली आहे.

केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत पाय दोन अंगांनी तपासायला सांगितला आहे. एक, सांधे किती वळतात आणि स्नायूंत ताकद किती. दुसरे, त्या पायावर तोल सांभाळता येतो का. इथे नऊ गोष्टी पाहतात: सपाटीवर चालणे, उतारावर चालणे, जिना चढणे, दोन्ही पायांवर उभे राहणे, अधू पायावर उभे राहणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे, गुडघे टेकणे आणि वळणे. प्रत्येकीला 10 टक्के. दोन्ही अंगांचे आकडे सरळ मिळवत नाहीत, सूत्राने एकत्र करतात. पाय आखूड झाला असेल तर पहिला अर्धा इंच सोडून पुढच्या दर अर्ध्या इंचाला 4 टक्के. दुखणे, बाक, बधिरपणा यांना मात्र सगळे मिळून 10 च्या वर नाहीत.

आता बघा, आपला माणूस डॉक्टरांपुढे फक्त "लई दुखतंय" म्हणतो आणि चार लोकांत लंगडायची लाज वाटते म्हणून ताठ चालून दाखवतो. खुरपायला बसता येत नाही, धार काढायला उकिडवे होता येत नाही, हे बोलतच नाही. ते स्पष्ट सांगा. सोंगही करू नका. सांधा आणि ताकद डॉक्टर हाताने तपासतात.

1 जून 2021 पासून प्रमाणपत्र ऑनलाइनच मिळते. नोंदणी सेतू केंद्रात होते. जुने एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड जपून न्या. पाय सुधारण्यासारखा असेल तर प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे देतात. मुदत विसरू नका. निर्णय पटला नाही तर 2016 च्या कायद्याच्या कलम 59 प्रमाणे अपील आहे.

संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला करायचा. दिव्यांगांना 40 टक्के आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत, ही अट. 2025 मध्ये दिव्यांगांची रक्कम महिना 2,500 रुपये करण्यात आली. अपघातात पायच गेला असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना वेगळी. तिचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, आणि तिथे उशीर चालत नाही.

सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एक विनंती. स्वउत्पन्नातला 5 टक्के दिव्यांग निधी राखलेला असतोच. ज्याला एसटीची पायरी चढवत नाही, त्याच्या तपासणीच्या दिवशी गाडीची सोय तेवढी बघा.